बंडा बांधावा की विकत घ्यावा?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले. मी भावावर बोलणार नाही. भाव येईपर्यंत कापूस ठेवायचा कुठे, एवढ्यावरच बोलणार आहे.

आपल्याकडे कापूस कुठे असतो? घरात. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कापूस माजघरात आणि माणसे ओसरीत. लेकरांच्या अंगाला खाज सुटते. चूल पेटवायची म्हटली की बाईचा जीव टांगणीला. शेवटी तीच म्हणते, मिळेल तो भाव घ्या, पण हा ढीग घरातून काढा. व्यापाऱ्याला हे ठाऊक असते. तो घाई करत नाही, घाई आपल्याला असते.

म्हणून शेतात बंडा हवा. मराठवाड्यातले भाऊ आखाड्यावरचे शेड म्हणतील. नाव काही असो. तो आपल्या हाताने बांधायचा, की तालुक्याच्या वेल्डिंगच्या दुकानातून तयार आणून उभा करायचा?

मी दोन्ही केले आहे. आधी विकत घेतला. दहा बाय पंधरा फुटांचा, दोन दिवसांत उभा. पत्रा किती गेजचा, विचारले तर दुकानदार म्हणाला, अठ्ठावीस. मी मनात म्हटले, चोविसापेक्षा मोठा, म्हणजे जाडच असेल. गेजचे उलटे असते. आकडा वाढला की पत्रा पातळ. हे मला कळले तेव्हा पैसे देऊन झाले होते. खांब दीड फूट गाडलेले, तेही भारी काळ्या मातीत, नुसते दाबून. आपली माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, खांब पहिल्याच वर्षी डुलायला लागले. दुसऱ्या वैशाखात वळवाचे वादळ आले आणि अर्धे छप्पर शेजाऱ्याच्या धुऱ्यावर जाऊन पडले. हप्ते मात्र माझ्याच धुऱ्यावर राहिले.

तरी पत्रा उडाल्याचे दुःख कमी. खरे दुःख वेगळे होते. बंडा घेतला होता कापूस थांबवायला, आणि पहिला हप्ता होता डिसेंबरात. म्हणजे हप्ता भरायला कापूस विकायचा, आणि बंडा रिकामा ठेवायचा! उसनवारीवर बंडा घेणाऱ्या प्रत्येकाने हे आधी ताडून पाहावे. हप्त्याची तारीख मार्च-एप्रिलच्या अलीकडे असेल तर तो बंडा तुमचा नाही, दुकानदाराचा आहे.

मग दुसरा मी हाताने बांधला आणि गावभर सांगत सुटलो, जवळजवळ फुकटात झाला. घरी विचारणा झाली, फुकटात कसा? मोजले. मी आणि मुलगा बावीस-बावीस दिवस, घरधनीण पंधरा दिवस, माती कालवायला आणि लिंपायला. एकूण ५९ दिवस. रोज ३०० रुपये धरला तर १७,७०० रुपये. आधारभाव काढताना घरच्यांची मजुरी धरा, जमिनीचा खंड धरा, भांडवलाचे व्याज धरा, असे आपण सरकारला बजावतो, आणि स्वतःच्या बंड्याच्या हिशेबात बायकोचे पंधरा दिवस शून्य लिहितो.

आता कोणी म्हणेल, चैत्र-वैशाखात दुसरे काम कुठे असते? खरे आहे. त्या दिवसांना पूर्ण रोज लावू नका, त्या दिवसांत बाहेर जे मिळाले असते तेवढेच लावा. पण काम रेंगाळून मृगात गेले, तर तो दिवस ३०० रुपयांचा राहत नाही. पेरणी साधली नाही तर त्याची किंमत कापणीपर्यंत मोजावी लागते.

माझे मत विचाराल तर छप्पर आणि सांगाडा विकत घ्यावा, बाकी हाताने करावे. लाकडाच्या नादी फार लागू नका. साग स्वतःच्या धुऱ्यावरचा असला तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी काढावी लागते, आणि इतर लाकडाला वाळवी सोडत नाही. लोखंडी खांब घ्या, पत्रा जाड घ्या, गेज बिलावर लिहून घ्या. खड्डा मात्र तुम्ही खणा, खाली मुरूम लागेपर्यंत, आणि तळाशी गिट्टी-सिमेंट घाला. दुकानदाराचा माणूस तेवढे खोल खणत नाही, त्याला त्याच दिवशी परत जायचे असते.

भिंतीला कूड चालतो, पण पऱ्हाटीचा नको. आपले बाप पऱ्हाटीचाच करत, त्यांच्या काळी ठीक होते. आज पऱ्हाटीला राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते, आणि आपण तिला छपराखाली सांभाळून पुढच्या हंगामाला सोडतो. तुऱ्हाटी किंवा बांबू घ्या आणि दोन्हीकडून लिंपा. जोते दोन फूट उचला. भिंत आणि पत्रा यांत हातभर फट ठेवून जाळी लावा, कारण थंडीच्या रात्री पत्र्याला आतून घाम येतो आणि ठिबकून कापूस पिवळा पडतो. आत वीज नको.

फवारणीचे औषध त्याच बंड्यात ज्वारीच्या पोत्याशेजारी ठेवू नका. बाहेरून वेगळी, कुलूप लागणारी पेटी करा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने आपली माणसे गेली, ते विसरायला फार वर्षे झालेली नाहीत.

तलाठी आडवा येईल का, असे काहींनी मघाशी विचारले. जमीन महसूल संहितेच्या कलम ४१ प्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतात अवजारे, वैरण, माल आणि जनावरांसाठी शेतघर बांधता येते. जमीन शहराच्या हद्दीत किंवा लगत असेल, किंवा तुकडा अगदी लहान असेल, तर आधी विचारून घ्या.

छपराला पन्हळ लावा. दहा बाय पंधरा म्हणजे साधारण १४ चौरस मीटर. २५ मिलिमीटरचा एक पाऊस झाला की साडेतीनशे लिटर पाणी. पंधरा लिटरचे वीस-बावीस पंप भरतात, डोक्यावरून हंडे आणायचे वाचतात.

एक सांगायचे राहिले. बंडा झाला म्हणून माल थांबवलाच पाहिजे असे नाही. १२ टक्के ओलीचा क्विंटलभर कापूस वाळून ८ टक्क्यांवर आला की पावणेशहाण्णव किलोच भरतो. म्हणजे ओला माल ज्या भावात जात होता त्यापेक्षा साडेचार टक्के जास्त मिळाले, तर तुम्ही फक्त जागच्या जागी आलात. दहिवरात वेचलेला कापूस तर ढिगात घालूच नका, आधी उन्हात पसरा.

आता चहा आहे. खांबाची मापे मी कागदावर लिहून आणली आहेत. ज्यांना हवीत त्यांनी उतरवून घ्यावीत, शेवटची गाडी सुटेपर्यंत मी इथेच आहे.