पायाखालची माती



 पुण्यातल्या जुन्या इमारतींचे कोरीव खांब, दगडी जोती, दर्शनी सज्जे यांवर अधिकाराने बोलणारी माणसं या परिषदेच्या सभागृहात बसली आहेत. मी बोलणार आहे ते दुकानांच्या, पेढ्यांच्या आणि कचेऱ्यांच्या फरशीखाली काय असतं, त्यावर.

पस्तीसएक वर्षांपूर्वी रविवार पेठेतल्या एका जुन्या दुकानाच्या दुरुस्तीचं काम माझ्याकडे आलं. खाली गाळा, माळ्यावर गोदाम, त्यावर पत्रा. माळ्याची जमीन म्हणजे सागवानी तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर सहा इंच माती आणि वर शहाबादी फरशी. मी हिशेब मांडला : चौरस मीटरला जवळजवळ अडीच क्विंटल नुसती माती! फुकटचा भार समजून मी ती काढायला लावली. चार दिवस बेगारी घमेल्यांनी राडारोडा उतरवत होते. फळ्यांवर आम्ही प्लायवूड ठोकलं आणि काम संपलं.

पुढच्या एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता मालकांनी मला बोलावून गल्ल्याशेजारी बसवलं आणि नुसतं वर बोट दाखवलं. पत्र्याखाली तापलेल्या गोदामाची धग थेट दुकानात उतरत होती. माळ्यावर कुणी पोतं टाकलं की खाली गिऱ्हाईक दचकत होतं. मी भार काढला होता, पण त्याबरोबर उष्णतेचा आणि आवाजाचा अडसरही काढून टाकला होता. त्या दुपारची बोच अजून गेलेली नाही.

आपल्या मानक ब्युरोच्या १९८७ च्या मार्गदर्शिकेत पदार्थांची उष्णतावाहकता दिली आहे. काँक्रीटच्या स्लॅबला १.५८, विटेला सुमारे ०.८१, मातीच्या भरावाला सुमारे ०.५२. म्हणजे पाच इंची स्लॅब उष्णतेला जेवढा विरोध करतो, तेवढा दीड-पावणेदोन इंच माती करते. थर्माकोलला तर त्यासाठी जेमतेम तीन मिलिमीटर जाडी पुरते. सिमेंटचा स्लॅब भक्कम असतो, म्हणून तो ऊनही अडवेल, हा गैरसमज आपल्या व्यवसायात खोल रुजला आहे.

मातीचे दोष मी झाकत नाही. वर नंतर काढलेल्या मोरीचं पाणी तिच्यात मुरतं, फळ्या कुजतात, वाळवी लागते. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून पाणी पेठांत शिरलं, तेव्हा भिजलेली माती किती घातक ठरते हे या शहराने पाहिलं आहे. माती काढावी लागली तर जरूर काढा. मात्र ती जे काम करत होती ते पुढे कोण करणार, हे नकाशावर लिहून मगच काढा.

अशा मातीच्या माळ्यांनंतर आलेल्या आरसीसी इमारतींत स्लॅब, त्यावर रेतीचुन्याचा थर, वर मोझॅक टाइल, एवढंच सापडतं. उष्णतारोधक असा थर नाहीच. गच्चीवर मात्र जुन्या गवंड्यांनी विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला. आपण त्याला पाणी अडवणारा म्हणून ओळखतो, पण तो ऊनही अडवत असतो. गळतीच्या दुरुस्तीत तो फोडून वर नुसता रसायनाचा पातळ लेप देतात, तेव्हा शेवटच्या मजल्यावरच्या माणसांना त्याची किंमत रात्री नऊपर्यंत मोजावी लागते.

आता तळमजल्याकडे येतो, कारण खरा मतभेद इथेच आहे. थंड देशांतली पुस्तकं तळमजल्याच्या जमिनीखाली उष्णतारोधक थर घाला म्हणून सांगतात. तिथे घरातली ऊब जमिनीत झिरपते, म्हणून ते बरोबरच आहे. पुण्याचं वर्षाचं सरासरी तापमान २५ अंशांच्या आसपास. काही मीटर खाली मातीचं तापमान बारा महिने साधारण तेवढंच राहतं. मे महिन्यात रस्त्यावर ४० अंश असताना लक्ष्मी रस्त्यावरच्या जुन्या दुकानातली शहाबादी पायाला गार लागते, ती या मातीमुळे. तिच्याखाली थर्माकोल घालणं म्हणजे आपल्याच हातांनी विहीर बुजवणं. पावसाळ्यात शहाबादी ओल धरते हे खरं. त्यासाठी ओल अडवणारा थर वेगळा असतो. शीतगृहांची गोष्ट निराळी, तिथे जमिनीखालीही रोधन लागतंच.

मग रोधन घालायचं कुठे? पत्र्याखालच्या माळ्याला. गच्चीला. उघड्या पार्किंगवर टेकलेल्या कचेरीच्या स्लॅबला, खालच्या बाजूने. आणि वातानुकूलित शोरूम व बिगरवातानुकूलित गोदाम यांच्यामधल्या जमिनीला, जिथे विजेचं बिल गुपचूप गळत असतं.

उद्या सकाळी आपण पेठेतल्या एका जुन्या पेढीत जाणार आहोत. मालकांनी माळ्याच्या कोपऱ्यातली एक फरशी उचलायला परवानगी दिली आहे. तरुण सभासदांनी पट्टी, वही आणि तापमापक बरोबर आणावा. प्रत्येक थराची जाडी मोजू, माती हातात घेऊन पाहू आणि मोजमाप झालं की फरशी होती तशी परत बसवू.