सचिनची फेरारी आणि किमतीचं गणित

आंबिवलीतून बोलतोय, मध्येच लोकलचा भोंगा आला तर सांभाळून घ्या.

'सुपरकार म्हणजे गुंतवणूक' असं सांगणाऱ्या रील्स सारख्या दिसतात. मला ते अर्धवट वाटतं. सचिनची फेरारी 360 मोडेना आठवतेय? ब्रॅडमनच्या 29 कसोटी शतकांची बरोबरी केली म्हणून 2002 मध्ये फियाटकडून मिळालेली. आयातशुल्क 120 टक्के, म्हणजे गाडीपेक्षा कर मोठा! माफीवरून गदारोळ झाला आणि शेवटी शुल्क फियाटने भरलं.

आता गोम बघा. करामुळे वाढते ती फक्त किंमत. गाडीचं मोल वाढतं ते ती दुर्मिळ असली तर. फेरारी 250 जीटीओ जेमतेम 36 बनल्या. त्यातली एक 2018 मध्ये लिलावात 4 कोटी 84 लाख डॉलरला गेली. मोडेना मात्र हजारोंनी बनल्या. त्यातही मॅन्युअल गिअरवाल्या कमी, म्हणून परदेशात आज त्यांनाच जास्त भाव.

सचिनची गाडी 2011 मध्ये सुरतच्या एका व्यावसायिकाने घेतली. माझ्या मते त्याने इंजिनापेक्षा आधीच्या मालकाच्या नावाला जास्त पैसे मोजले असतील. तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा.