तपासलेली उत्तरपत्रिका
(विजयदुर्ग येथील गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



 आमचे आयुष्य फळा आणि खडू यांच्या संगतीत गेले. तेव्हा बोलावयाचे ते शाळेविषयीच, हे ओघाने आले. निकालाचे कौतुक आपण करीतच आहोत. आम्ही बोलणार आहोत ते निकालामागे राहणाऱ्या उत्तरपत्रिकेविषयी.

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर तीत उत्तीर्ण झाले. तेव्हापासून दीर्घकाळ परीक्षार्थीच्या हाती येई तो केवळ आकडा. वर्तमानपत्रात बैठक क्रमांक शोधावा. सापडला तर पेढे, न सापडला तर घरात सुतक! पुढे ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, माहितीच्या अधिकाराखाली परीक्षार्थीस आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे. आता दहावीच्या निकालानंतर मुदतीत अर्ज करून व शुल्क भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागविता येते, आणि ती घेतल्यावर पुनर्मूल्यांकनासाठीही अर्ज करता येतो. आपल्यापैकी किती कुटुंबांस हे ठाऊक आहे?

या गडाच्या पश्चिमेस पाण्याखाली भिंत असून तिच्यावर शत्रूची गलबते आपटत, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. न दिसणारी भिंतच घात करते. मुलाचेही तसेच आहे. गणितात ३० गुण पडले, एवढ्याने काय कळते? मांडणी चुकली, की प्रश्नच नीट वाचला नाही, हे उत्तरपत्रिकाच सांगते. परंतु मुंबईहून वडील दूरध्वनीवर विचारतात, "किती पडले?" "कोठे अडलास?" असे क्वचितच कोणी विचारतो. सहामाहीचे पेपर वर्गात परत मिळतात. मूल ते दप्तराच्या तळाशी दडवते, कारण घरी फक्त आकड्याची झडती होते.

रत्नागिरीस कोकण विभागीय मंडळ झाल्यावर, २०१२ पासून दहावीच्या निकालात कोकण राज्यात अग्रस्थानी राहत आले आहे. ही भूषणाची गोष्ट खरी. पण जेथे बहुतेक सर्व उत्तीर्ण होतात, तेथे अनुत्तीर्ण झालेले मूल फार एकटे पडते. त्याचे नाव आजच्या पत्रिकेत नाही. कदाचित ते या मंडपातही आलेले नाही. तेही आपलेच लेकरू आहे.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, पालकांनी परत आलेला प्रत्येक पेपर मुलाजवळ बसून, आवाज न चढविता, एकदा वाचावा. आपणांस विषय येत नसेल तर मुलाकडून समजून घ्यावा. समजावून सांगताना त्याची चूक त्यालाच दिसते. दुसरी, संस्थेने छायाप्रतीच्या शुल्कासाठी लहानसा निधी राखावा, म्हणजे पैशावाचून कोणाचा अर्ज राहणार नाही. तिसरी, निकालाच्या आठवड्यात कार्यकर्त्यांनी अनुत्तीर्ण मुलांच्या घरी जावे आणि पुरवणी परीक्षेचा अर्ज भरण्यास साहाय्य करावे. हार-तुऱ्यांआधी हे काम व्हावे.