नोकरीचा अर्ज आणि तांत्रिक परिभाषा



जैन दर्शनातील षड्द्रव्यांत ‘धर्म’ हा शब्द येतो. तेथे त्याचा अर्थ सदाचार किंवा पंथ असा नाही. जीव व पुद्गल यांच्या गतीस साहाय्यभूत होणारे द्रव्य, असा आहे. ‘पुद्गल’ म्हणजे जडद्रव्य. बौद्ध ग्रंथांत मात्र तोच शब्द ‘व्यक्ती’ या अर्थाने येतो. शास्त्र बदलले की शब्दाचा अर्थ बदलतो, हे पाठशाळेत शिकलेल्यांना नोकरीच्या अर्जातील घोटाळा समजणे अवघड जाऊ नये.

वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यातील एखाद्या गाळ्याच्या दारावर ‘प्रोग्रामर पाहिजे’ अशी पाटी लागते. मालकाला हवा असतो सीएनसी मशीनचा प्रोग्रामर, म्हणजे ड्रॉइंग वाचून टूलचा मार्ग ठरविणारा. संगणकाची पदविका घेतलेला मुलगा पाटी वाचून अर्ज करतो. त्याचे प्रोग्रामिंग सी प्लस प्लसचे. “प्रोग्रामिंग येते का?” “येते.” या संवादात कोणीही खोटे बोललेले नाही. परंतु मशीनला कळतो तो जी-कोड. त्यात जी०० म्हणजे टूल जलद गतीने जागेवर नेणे आणि जी०१ म्हणजे ठरविलेल्या फीडने सरळ रेषेत कापत नेणे. नवख्या हातून जी०१ च्या जागी जी०० पडला, तर टूल पूर्ण वेगाने जॉबवर आदळू शकते. टूल तुटते, स्पिंडलला इजा होते; जवळ उभ्या असलेल्या कामगाराच्या जिवावरही बेतू शकते. मालक म्हणतो, मुलाने फसविले. मुलगा म्हणतो, मला काम सांगितलेच नाही.

उलट प्रकारही घडतो. आयटीआयमधील एक वर्षाच्या ‘कोपा’ या ट्रेडचे पूर्ण नाव ‘कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट’ असे आहे. गाळ्यात ‘ऑपरेटर’ म्हणजे मशीन चालविणारा. तेव्हा कार्यालयात बसून उत्तम काम करू शकणाऱ्या मुलीचा अर्ज, ‘बाईमाणूस मशीनवर कशी?’ असे म्हणून बाजूला पडतो. तो प्रश्न मुळातच चुकीचा, हा भाग वेगळा.

संगणकक्षेत्रातही हे चुकत नाही. जावा आणि जावास्क्रिप्ट या १९९५ साली जगासमोर आलेल्या दोन निरनिराळ्या भाषा. पहिली सन मायक्रोसिस्टम्सची, दुसरी नेटस्केपची. दुसरीचे आधीचे नाव लाइव्हस्क्रिप्ट. नावातील साम्यामुळे अर्ज चाळणारा कारकून आजही दोघींना एकच समजतो. आणि ‘टॅली येते’ या दोन शब्दांत तर व्हाउचर भरण्यापासून जीएसटीचे विवरणपत्र तयार करण्यापर्यंत काहीही मावते.

येथे उपस्थित असलेल्यांपैकी काही नोकरी देणारे आहेत, काहींची मुले नोकरी मागणारी. अर्जदाराने ‘सीएनसीचे ज्ञान’ एवढेच न लिहिता कोणत्या मशीनवर, कोणत्या कंट्रोलवर, स्वतः प्रोग्राम लिहिला की दुसऱ्याने लिहिलेला चालविला, हे लिहावे. मालकानेही पाटी बदलावी : ‘व्हीएमसीकरिता, फानुक कंट्रोलवर, ड्रॉइंगवरून जी-कोड लिहून सेटिंग करणारा पाहिजे. एक जॉब करून दाखवावा लागेल.’ अशा पाटीवर अर्ज कमी येतील. पण येणाऱ्याला आपण कशासाठी आलो, हे ठाऊक असेल.