ठिपके गेल्यावर
(रेडिओवरील भाषण)

गोड्या पाण्यातला गप्पी किंवा गोल्डफिश आजारी पडला, तर शेजारीपाजारीही चार उपाय सांगतात. खाऱ्या पाण्याच्या टाकीचं तसं नाही. तिथे मासा महाग, मीठ महाग, आणि रोगाची नीट माहिती असलेला माणूस हाकेच्या अंतरावर मिळेलच असं नाही. म्हणून आज मी एकाच रोगाविषयी बोलणार आहे. समुद्री मासे पाळणाऱ्याच्या घरी तो कधी ना कधी येतोच. अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात, तो हा रोग.

माझ्या घरी तो पहिल्यांदा आला त्याला बारा वर्षं झाली. मी एक पावडर ब्लू सर्जनफिश आणला होता. फिकट निळं अंग, काळसर तोंड, गळ्याशी पांढरा पट्टा आणि पाठीवरचा पर लिंबासारखा पिवळा. आपल्या हिंदी महासागरातलाच हा मासा. आणला तसा थेट टाकीत सोडला. तिसऱ्या दिवशी तो दगडाला अंग घासायला लागला आणि संध्याकाळी परांवर सात-आठ ठिपके दिसले. कुणी तरी सांगितलं म्हणून मी खाद्याला लसणाचा रस चोळून दिला. आणखी तीन दिवसांनी अंग अगदी स्वच्छ झालं. मी घरातल्या सगळ्यांना टाकीपुढे बोलावलं आणि मासा बरा झाला म्हणून दाखवला.

त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी तो पाणी सोडणाऱ्या नळीसमोर तोंड करून उभा होता. कल्ले भराभर हलत होते आणि अंगावर ठिपके इतके होते की खालचा निळा रंग झाकला गेला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे तो वाळूवर आडवा पडलेला मिळाला. मी त्याला हातात घेतलं तेव्हा अंगाचा बुळबुळीत थर सालीसारखा सुटून बोटांना लागला.

मधल्या आठ दिवसांत त्या टाकीत काय चाललं होतं, हे मला पुढे कळलं. ते आधी कळलं असतं, तर मासा वाचला असता असं मला अजूनही वाटतं.

या परजीवीचं शास्त्रीय नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स. जपानमध्ये १९३०च्या दशकात सिकामा यांनी या रोगाचं वर्णन केलं होतं, आणि आज रूढ असलेलं नाव ब्राउन यांनी १९५१ साली दिलं. योगायोग असा की, मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय त्याच वर्षी सुरू झालं. माझ्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी समुद्री मासा काचेआड पोहताना पहिल्यांदा पाहिला तो तिथेच. क्रिप्टोकॅरिऑन म्हणजे ग्रीकमध्ये लपलेला गाभा. या प्राण्याचं पेशीकेंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली सहजी दिसत नाही, म्हणून हे नाव.

एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मला तो पाहायला मिळाला. आजारी माशाच्या परावरचा बुळबुळीत पदार्थ काचपट्टीवर घेतला होता. भिंगाखाली एक गडद, गोलसर गोळा दिसला, कडेला अगदी बारीक केसांची झालर, आणि तो गोळा जागच्या जागी सावकाश फिरत होता. थांबतच नव्हता. माशाच्या कातडीच्या आत तो असाच फिरत राहतो आणि तिथल्या पेशी खातो. कातडीच्या आत हे महत्त्वाचं, कारण आपल्याला दिसतो तो पांढरा ठिपका अंगावर बसलेला नसतो. वरच्या पापुद्र्याखाली तो सुरक्षित असतो. पाण्यात घातलेलं औषध तिथवर पोचत नाही. साफसफाई करणारी कोळंबी टाकीत सोडली की ती हे ठिपके टिपून खाईल, अशी अनेकांची समजूत आहे. तसं होत नाही, त्याचंही कारण हेच.

माशाच्या अंगावर तो तीन ते सात दिवस राहतो. पोट भरलं की कातडी फोडून बाहेर पडतो, तळाला जातो, दगडाला, वाळूला, काचेला चिकटतो आणि स्वतःभोवती घट्ट कवच करून गाठ बनतो. माझ्या माशाच्या अंगावरचे ठिपके गेले ते असे गेले होते. गाठीच्या आत विभाजन सुरू होतं, आणि एकेका गाठीतून दोनशेच्या आसपास पिल्लं बाहेर पडू शकतात. सात-आठ ठिपक्यांचा हिशेब तुम्हीच करा.

ही पिल्लं बाहेर पडतात ती बहुतेक अंधारात, उत्तररात्रीपासून पहाटेपर्यंत. त्या वेळी मासे तळाशी, दगडांच्या कपारीत निजलेले असतात, म्हणजे गाठींच्या अगदी शेजारी. पिल्लांना मासा लवकर सापडावा लागतो. पहिल्या सहा-आठ तासांनंतर त्यांची चिकटण्याची ताकद झपाट्याने कमी होते, आणि दोन दिवसांच्या आत ती मरतात. अथांग समुद्रात बहुतेक पिल्लांना मासा भेटतच नाही, म्हणून तिथे हा रोग माशाला क्वचितच मारतो. तीन फुटांच्या काचेच्या पेटीत मात्र माशाला पळायला जागाच नसते. त्याला या पेटीत आणणारे आपण, तेव्हा त्याची जबाबदारीही आपलीच आहे.

आता उपचाराकडे येतो. सगळ्यांत आधी एक वेगळी, रिकामी टाकी हवी. तिच्यात वाळू नको, दगड नको. लपायला प्लास्टिकच्या पाइपाचे दोन तुकडे आणि हवेचा पंप, एवढं पुरे. औषध द्यायचं ते या टाकीत. मुख्य टाकीत औषध ओतण्याची घाई कृपा करून करू नका.

जुनं आणि खात्रीचं औषध म्हणजे तांबं. आपले बागाईतदार द्राक्षांवर आणि कोकणात सुपारीवर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतात. त्या मोरचुदातलं तांबंच इथेही काम करतं. प्रमाण लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, आणि ते किमान तीन आठवडे सलग टिकवायचं. ते दिवसातून दोनदा किट लावून मोजावं लागतं. ते खाली गेलं तर परजीवी जगतो, वर गेलं तर मासा मरतो. बाजारातल्या काही औषधांत तांबं दुसऱ्या रसायनाला बांधलेलं असतं. त्यांचं प्रमाण निराळं असतं, ते बाटलीवर वाचूनच घ्यावं. शेतातला मोरचूद आणून अंदाजाने टाकू नये. तांबं मारतं ते फक्त पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांना, कातडीखालच्याला नाही आणि गाठीतल्यालाही नाही. म्हणून तीन आठवडे. कोळंबी, शंख, खेकडे, प्रवाळ यांना तर ते विषच आहे. शिवाय प्रवाळाची वाळू आणि दगड तांबं शोषून घेतात, त्यामुळे मुख्य टाकीत प्रमाण कधी जुळतच नाही.

औषधांविषयी आणखी एक गोष्ट, माशांइतकीच माणसांसाठी. मलेरियाचं क्लोरोक्वीन काही जण माशांसाठीही वापरतात. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात एका माणसाने करोनाच्या भीतीने मत्स्यालयासाठीचं क्लोरोक्वीन फॉस्फेट स्वतः घेतलं आणि तो दगावला. माशांच्या औषधाच्या बाटल्यांवर ठळक चिठ्ठी लावा आणि त्या स्वयंपाकघरापासून दूर, कुलपात ठेवा.

दुसरा उपाय पाणी मचूळ करण्याचा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. दोन दिवसांत ते हळूहळू पंधराच्या खाली उतरवायचे आणि तीन-चार आठवडे तिथेच ठेवायचे. बहुतेक समुद्री मासे एवढं सोसतात, गाठी मात्र फुटून मरतात. पावसाळ्यात खाडीचं पाणी अळणी होतं, तसाच प्रकार. पण कमी क्षारतेतही तग धरणारे याचे वाण सापडलेले आहेत, आणि मोजण्यात थोडी चूक झाली तरी सगळी मेहनत वाया जाते. त्यामुळे मी स्वतः या उपायावर विसंबत नाही.

मी विसंबतो तो तिसऱ्यावर. इस्रायलमध्ये एलात इथे आंजेलो कोलोर्नी यांनी १९८०च्या दशकात मत्स्यशेतीतल्या समुद्री माशांवर तो वापरून दाखवला. त्यात औषध नाहीच. मुळात हिशेब असा की, गाठ तयार झाल्यापासून तीन दिवसांच्या आत ती फुटत नाही आणि माशाच्या अंगावर परजीवी आठवडाभरापेक्षा जास्त सहसा राहत नाही. मग पहिल्या दिवशी मासा एका टबात ठेवायचा. चौथ्या दिवशी दुसऱ्या, सातव्या दिवशी तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी चौथ्या टबात हलवायचा. प्रत्येक वेळी मासा निघून जातो आणि अंगावरून गळलेल्या गाठी मागच्या टबात राहतात. पिल्लं बाहेर पडतात तेव्हा तिथे कुणीच नसतं. तेराव्या दिवशी मासा मोकळा.

प्रत्यक्षात दोनच टब आलटूनपालटून पुरतात, मधल्या दिवसांत ते धुऊन कडकडीत वाळवायचे. जाळी, पाइप, हवेचा दगड, सगळंच वाळवायचं. जुन्या टबातलं पाणी नव्यात जाऊ द्यायचं नाही. नव्या पाण्याची उष्णता आणि क्षारता आधी जुळवून ठेवायची. टबाला फिल्टर नसतो, म्हणून अमोनिया रोज तपासायचा आणि खाणं बेताने द्यायचं. मी मासा जाळीने न धरता प्लास्टिकच्या चाळणीने उचलतो. सर्जनफिशच्या शेपटीच्या बुडाशी चाकूसारखा काटा असतो, तो जाळीत अडकला की मासा घाबरून स्वतःलाच जखमी करतो.

ही पद्धत फक्त याच रोगावर चालते. ठिपके मिठाएवढे नसून अंगावर पीठ भुरभुरल्यासारखे दिसले आणि मासा दिवसभरात मलूल झाला, तर तो वेल्व्हेट नावाचा निराळा रोग. त्याला थांबायला वेळ नसतो, तिथे तांबंच हवं. चपट्या कृमींची गोष्ट आणखी वेगळी. त्या पारदर्शक असतात, अंगावर असूनही दिसत नाहीत. तेवढीच उष्णता आणि तेवढाच सामू असलेल्या गोड्या पाण्यात मासा पाच मिनिटं धरला की त्या पांढऱ्या पडतात आणि तांदळाच्या कण्यांसारख्या तळाला पडायला लागतात. एका एंजलफिशच्या अंगावरून मी अशा वीस-बावीस मोजल्या आहेत. तोवर तो मासा मला ठणठणीत वाटत होता.

आणि मुख्य टाकी? ती रिकामी ठेवायची. पंचवीस अंश सेल्सिअसला काही गाठी तब्बल ७२ दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे. म्हणजे अडीच महिने टाकीत एकही मासा नको. कोळंबी आणि शंख राहिले तरी चालतात, त्यांच्यावर हा परजीवी जगत नाही. पण मासा नको, एकही नको, छोटा क्लाउनफिशसुद्धा नको. एकदा रोगातून तगलेल्या माशाच्या अंगी काही महिने थोडी प्रतिकारशक्ती येते. त्याच्यावर ठिपके दिसत नाहीत, आणि तरी एखाद-दुसरा परजीवी त्याच्या कल्ल्यांत टिकून असतो. बहुतेकांचा धीर सुटतो तो इथेच. रिकामी टाकी घरात बघवत नाही.

हे मी आज बोलतोय त्याला कारण आहे. नवा मासा मी गेली कित्येक वर्षं वेगळा ठेवल्याशिवाय टाकीत सोडलेला नाही. पण दोन महिन्यांपूर्वी एका मित्राच्या टाकीतलं मूठभर शेवाळ आणलं आणि तसंच माझ्या टाकीत घातलं. शेवाळावरही गाठ असू शकते, हे माहीत असून मी घातलं. दोन आठवड्यांनी माझ्या दोन क्लाउनफिशच्या परांवर ठिपके आले. त्याच दिवशी त्यांना बाहेर काढलं, चार टब केले, तेराव्या दिवशी ते मोकळे झाले. आता ते बाहेरच्या खोलीत छोट्या टाकीत आहेत, आणि माझ्या हाताची सावली पडली की दोघेही खाण्यासाठी वर येतात.

मोठी टाकी भिंतीशी चालू आहे. तिच्यात दोन कोळंब्या आणि काही शंख आहेत. दर संध्याकाळी मी त्यांना चिमूटभर खाणं टाकतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक तारीख खोडतो. आज ४१ झाल्या.