डिर्क : एका डच नावाची कुळकथा

हॉलंडमध्ये डिर्क हे नाव अगदी घरगुती. आजोबा डिर्क, तर नातूही डिर्क, ही तिकडची जुनी रीत. आपल्यालाही ती परकी नाही.

पण हा डिर्क मुळातला डीडरिक. विठ्ठलाचा विठू व्हावा तसा झिजून डिर्क झाला. आणखी मागे गेलो तर थिओडोरिक भेटतो. इसवी सन ४९३ ते ५२६ पर्यंत इटलीवर राज्य करणारा गॉथ राजा याच नावाचा. जर्मनांचा डीट्रिख, फ्रेंचांचा तिएरी, इंग्रजांचा डेरेक, ही सारी त्याचीच भावंडे.

नावाचे तुकडे दोन. पहिल्याचा अर्थ लोक, दुसऱ्याचा राजा. हा 'रिक' म्हणजे लॅटिनचा रेक्स आणि आपला 'राजन्' यांचा सख्खा नातलग! म्हणजे डिर्क हा लोकांचा राजा. आता 'डि' तेवढा लोकांचा उरला आणि 'र्क' राजाचा, इतकेच.

पहिल्या तुकड्याची गंमत तर याहून मोठी. पंडितांची लॅटिन ती वेगळी आणि लोकांची बोली ती 'डीट्स'. त्याच शब्दाच्या कुळातून 'डच' आला. गंमत अशी, की डच माणूस स्वतःला डच म्हणतच नाही. तो नेडरलँडर. आणि सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला वखार घालून बसलेल्या या मंडळींना मराठी कागद म्हणतात वलंदेज. ते पोर्तुगीजांच्या तोंडून आलेले 'हॉलंड'.

हॉलंडच्या सरदार घराण्यात सात डिर्क होऊन गेले. पहिल्याला इ. स. ९२२ मध्ये एग्मंडचे देऊळ व त्याची जमीन मिळाली. सातवा १२०३ मध्ये वारला. पुढे हे नाव कोळ्या-खलाशांच्या घरी गेले. डिर्कचा मुलगा तो डिर्कसोन. नेपोलियनच्या अमलात, १८११ साली, प्रत्येकाने कायमचे आडनाव घ्यावे असा हुकूम निघाला, तेव्हा अशी कितीतरी बापाची नावे आडनावे होऊन बसली.

मला विचाराल तर या सर्वांत मोठा डिर्क राजा नव्हे, तांडेलच. डिर्क हार्टोग. २५ ऑक्टोबर १६१६ रोजी 'एंद्राख्त' या जहाजातून तो ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडील एका बेटावर उतरला आणि कथलाच्या ताटलीवर आपले नाव कोरून, ती खांबाला ठोकून गेला. १६९७ मध्ये फ्लामिंग नावाच्या दुसऱ्या डच कप्तानाला ती सापडली. त्याने नवी ताटली लावली, पण तिच्यावर आधी डिर्कचा मजकूर उतरवला, मग आपला. जुनी ताटली आता ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे. राइक्स म्हणजे राज्याचे. तोही त्याच 'रिक'चा वंशज.