शेळी म्हणजे चूल नव्हे: चाऱ्यातली ऊर्जा कशी मोजतात

एका शेळीपालक श्रोत्याने विचारलंय, ‘कडबा आणि मक्याचा भरडा, दोन्हींत ऊर्जा जवळपास सारखीच, असं वाचलं. मग भरड्यावर पैसे कशाला घालू?’ बरं, वाचलेलं चुकीचं नाही. गफलत ‘ऊर्जा’ या शब्दात आहे.

बॉम्ब कॅलरीमीटर नावाच्या यंत्रात चाऱ्याचा नमुना ऑक्सिजनमध्ये पूर्ण जाळतात आणि निघालेली उष्णता मोजतात. ही एकूण ऊर्जा. कोरड्या वजनावर कडबा घ्या की मका, किलोला साधारण १८ मेगाज्यूलच्या आसपास. अहो, जळायला काय, लाकूडही जळतं! लेंडीतून, मूत्रातून आणि ढेकरेच्या मिथेनमधून जाणारी ऊर्जा वजा केली की उरते ती चयापचय ऊर्जा. शेळीला कामाची तीच, आणि तिथे कडबा मक्याच्या बराच मागे पडतो.

ही प्रत्यक्ष शेळीवर मोजणं खर्चाचं. म्हणून प्रयोगशाळेत कोटीपोटाची नक्कल करतात. जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठात मेंके आणि सहकाऱ्यांनी बसवलेली वायू-चाचणी मला फार आवडते. दळलेला चारा फक्त २०० मिलिग्रॅम, काचेची मोठी सिरिंज, त्यात कोटीपोटातला गाळलेला रस आणि लाळेसारखं द्रावण. ३९ अंशांवर २४ तास ठेवायचं. जंतू चारा आंबवतात, वायू सुटतो, दट्ट्या वर सरकतो. तो किती सरकला, त्यावरून आणि प्रथिनं, स्निग्धांश यांच्या आकड्यांवरून ऊर्जेचा अंदाज निघतो.

बाभळीच्या शेंगा तपासताना मात्र टॅनिन आड येतं, वायू कमी निघतो. मग तोच नमुना टॅनिन बांधून ठेवणारं पॉलिइथिलीन ग्लायकॉल घालून पुन्हा लावतात. वायू वाढला, तर अडवणूक टॅनिनची होती हे कळतं.

आता खरी मेख. प्रयोगशाळा तुमचा अख्खा कडबा दळते. शेळी तसा खाते का? ती पानं, शेंडे वेचते, जाड ताटं गव्हाणीत सोडते. म्हणजे रिपोर्टमधला चारा वेगळा, शेळीच्या पोटातला वेगळा! म्हणून टाकलेला आणि उरलेला, दोन्ही चारा तोलून ठेवा, दोन्हींचे नमुने पाठवा. कोरड्या वजनाने वजाबाकी केली की शेळीने खरोखर काय खाल्लं ते समजतं. त्यानंतर भरडा किती लागतो, ते ठरवू.